ह्यांचे पक्षी

आमच्याकडे पक्षी होते हे आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. आजही एखाद्या लग्नात कुणी भेटलं की ह्यांना विचारतात, "काय, पक्षी आहेत का अजून?" आणि हे हसून सांगतात, "नाही हो, आता वेळ कुठे मिळतो?" मी बाजूला उभी असते. वेळ ह्यांना तेव्हाही मिळत नव्हता. पण ते बोलायची जागा लग्नाचा मांडव नव्हे.

वसईला आलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती. दादरच्या दोन खोल्यांत दिरांचा संसार वाढला आणि आम्हाला बाहेर पडावं लागलं. तळमजल्याचा फ्लॅट कुणी घेत नव्हतं. पावसात पाणी भरायचं, डास तर विचारायलाच नको, आणि मोरीतून घूस वर यायची. म्हणून तो आम्हाला मिळाला. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की कंपाउंडच्या भिंतीपर्यंत फरशीची एक लांब पट्टी होती, ती आमच्याच वाट्याची. भिंतीपलीकडे गिरीज गावच्या एका ख्रिस्ती कुटुंबाची वाडी होती. केळी, नारळ, अळू, मधे हिरव्या पाण्याचं बावखल म्हणजे छोटं तळं, आणि एक बैठं कौलारू घर.

दादरला मी एका कंपनीत टायपिस्ट होते. वसईला आल्यावर नोकरी सोडली. "दोघंही सकाळी निघून गेलो तर पोरीकडे कोण बघणार?" असं हे म्हणाले. मी पण मान डोलावली.

ह्यांच्या साहेबांच्या बंगल्यावर पक्ष्यांचा मोठा पिंजरा होता, आत माणूस उभा राहील एवढा. तो पाहून आल्यापासून ह्यांना चैन पडेना. तुळिंजहून एक वेल्डर बोलावला आणि आमच्या त्या पट्टीवर, दारापासून भिंतीपर्यंत, लोखंडी अँगलची चौकट उभी केली. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी बारीक जाळी. मग रविवारी क्रॉफर्ड मार्केटमधून भोकं पाडलेल्या खोक्यांतून पक्षी येऊ लागले. झेब्रा फिंच, बंगाली फिंच, जावा चिमण्या, तुरेवाल्या कॉकटेल पोपटांची जोडी, खाली तुरुतुरु पळायला लावे, आणि बजरीगर, ज्यांना आपल्याकडे सगळे लव्हबर्ड म्हणतात. हिरवे, पिवळे, निळे. हे लांब उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "सगळे एकत्र पाहिजेत. पिंजरा भरलेला दिसला पाहिजे."

दिसायला तो भरलेला दिसायचा खरा. पण ते सगळे पक्षी एकमेकांना ओळखत नव्हते आणि एकमेकांना नको होते. फिंच म्हणजे आपल्या चिमणीपेक्षाही लहान जीव, मुठीत धरला तर हातात काही आहे असं वाटत नाही. बजरीगरची चोच पोपटाची. घरट्यांसाठी टांगलेल्या मडक्यांतलं एखादं बजरीगरला आवडलं की तो फिंचला हुसकून आत शिरायचा आणि अंडी बाहेर ढकलून द्यायचा. खाली लावे ती खायचे. जावा चिमण्या दुसऱ्यांच्या घरट्यातला काथ्या ओढून न्यायच्या. रात्री काही खुट्ट झालं की लावे उसळी मारून पत्र्यावर डोकं आपटायचे आणि सगळा पिंजरा अंधारात फडफडायचा. सकाळी हे गाडीला गेलेले असायचे. मी दार उघडून आत जायची तेव्हा फरशीवर काहीतरी पडलेलं असायचंच. आठवडाभर मी मेलेले उचलायचे आणि रविवारी हे भाजी आणावी तसे नवे आणायचे.

"फिंच टिकतच नाहीत आपल्या हवेला," हे म्हणायचे.

मला ते पटत नव्हतं. हवेला काय झालं होतं? मी तांदूळ निवडायला, भाजी चिरायला त्या मागच्या दारातच बसू लागले. आधी वेळ जावा म्हणून बसायची, मग बघण्यासाठी बसायला लागले. मुलगी शाळेत, घर रिकामं, आणि समोर एवढी माणसांसारखी वागणारी पाखरं. झेब्रा फिंचचा नर लाल चोचीचा, गालावर नारिंगी ठिपका, खेळण्यातल्या पिपाणीसारखा आवाज काढत मादीमागे उड्या मारायचा. सगळ्या जोड्या सगळ्यात वरच्या मडक्यासाठी भांडायच्या. खालची मडकी रिकामी आणि वर रोज मारामारी. मी एक दिवस स्टूल घेतलं आणि सगळी मडकी एका उंचीवर बांधली. जोड्यांपेक्षा कितीतरी जास्त. भांडणं त्या आठवड्यातच कमी झाली.

असं एकेक कळत गेलं. काथ्याचा लांब धागा एका पिल्लाच्या पायाला गुंडाळला गेला आणि पाय काळा पडला, तेव्हापासून मी काथ्या बोटभर लांबीचा कापून द्यायला लागले. अंडी घातल्यावरही काथ्या समोर दिसला की ही वेडी त्याच अंड्यांवर नवं घरटं रचतात आणि खालची अंडी थंड होऊन जातात. म्हणून पहिलं अंडं दिसलं की उरलेला काथ्या उचलून ठेवायचा. नुसत्या राळ्याच्या दाण्यावर पिल्लं वाढत नाहीत. आमच्यासाठी अंडी उकडली की एक जास्त उकडायचं, कवचासकट कुस्करून द्यायचं. राळा भिजवून, मोड आणून द्यायचा. आंघोळीला पसरट ताटलीत पाणी. तेव्हा आमच्याकडे टँकर यायचा, पिण्याच्या पाण्याचीही मारामार. मी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरायची आणि चांगलं पाणी पक्ष्यांना द्यायची. हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

भिंतीपलीकडच्या घरातली म्हातारी, जिला मी मावशी म्हणायची, ती हळूहळू भिंतीशी येऊन उभी राहायला लागली. लाल लुगडं, कानात जड सोनं, हातात कोयता. तिच्याकडे कोंबड्या होत्या. ती वाडीतलं ओल्या दाण्याचं गवत भिंतीवरून टाकायची. एकदा मी म्हटलं, मादीने मऊ कवचाचं अंडं घातलंय, तर दुसऱ्या दिवशी तिने पिशवीभर समुद्रफेस आणून दिला, माकुलाच्या पाठीचं ते पांढरं, हलकं हाड. तिची लेक राजोडीला दिलेली, किनाऱ्यावर पडलेला तो तिने गोळा करून पाठवला होता. मी तो जाळीला बांधला आणि पक्षी त्याच्यावर तुटून पडले.

"बाय, जास्त डोकावू नको मडक्यात," मावशी म्हणाली. "बसलेल्या कोंबडीला बघितलेलं आवडत नाय."

"पण काय चाललंय ते कळणार कसं?"

"कानाने बघ," ती म्हणाली.

आणि खरंच, मडक्यातून सायकलच्या चेनसारखा बारीक करकर आवाज आला की समजायचं, पिल्लं फुटली आणि आईबाप भरवतायत. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी भाजी जळेपर्यंत दारात उभी होते.

पण बजरीगरचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. मी ह्यांना म्हटलं, "मधे एक जाळी घालू या. एका बाजूला चोचवाले, एका बाजूला फिंच."

"छे! तुरुंग वाटेल तो," हे म्हणाले.

त्यानंतर हे ऑफिसच्या कामाने बडोद्याला गेले, तेव्हा मी स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून जाळी आणली. मावशीने केळीच्या घडांना टेकू द्यायचे बांबू दिले आणि पदर खोचून स्वतःच आत आली. दोघींनी मिळून वरून खालपर्यंत जाळी ताणून तारेने बांधली. बोटं कापली. संध्याकाळी बजरीगर एकीकडे, फिंच दुसरीकडे, आणि पिंजऱ्यात पहिल्यांदाच शांतता.

हे परत आले, पाहिलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाकडी बांधलीस. मी सरळ केली असती." पण काढली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एवढी पिल्लं झाली की मला नवी मडकी आणावी लागली. दर आठवड्याला कुठल्यातरी मडक्याच्या तोंडाशी चार-पाच राखाडी डोकी दिसायची. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मागच्या दारात धावायची. सोसायटीतले लोक बघायला यायला लागले. मग ह्यांचे ऑफिसमधले मित्र रविवारी बायकामुलांना घेऊन यायला लागले. मी आत पोहे करायची आणि बाहेर ह्यांचा आवाज ऐकायची.

"त्याचं काय आहे, मडकी एका लेव्हलला पाहिजेत. नाहीतर भांडतात."

"अंड्यांवरच नवं घरटं बांधतात हे, म्हणून आपण काथ्या काढून घेतो."

"मधे पार्टिशन टाकलं मी. बजरीगर फार डेंजर."

माझीच वाक्यं होती ती. रात्री जेवताना मी सांगितलेली. सांगताना हे वर्तमानपत्र वाचत असायचे, मला वाटायचं ऐकतही नाहीत. थोडंफार ऐकत होते म्हणायचं. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले की कुणीतरी विचारायचं, "वहिनी, तुम्हाला त्रास होत नाही का ह्या घाणीचा?" आणि हे म्हणायचे, "तिला सवय झाली आता." पाहुण्यांत माझी मुलगी बसलेली असायची, बापाकडे तोंड उघडं टाकून बघत.

मग ह्यांनी गोल्डियन फिंचची जोडी आणली. त्या पक्ष्याचं वर्णन करणं अवघड आहे. पाठ हिरवी, पोट हळदीसारखं पिवळं, छाती जांभळी, नराचं डोकं लाल. कुणी लहान मुलाने रंगपेटीतले सगळे रंग वापरून टाकले असावेत असं. दुकानदाराने सांगितलं होतं, हे इथे वाढत नाहीत, शोभेला ठेवा. जोडीने अंडी घातली आणि दुसऱ्याच दिवशी उठून गेली. पुन्हा घातली, पुन्हा सोडली.

बंगाली फिंच दिसायला अगदी साधे, तपकिरी-पांढरे, पण कुणाचीही अंडी उबवायला तयार. एका बंगाली जोडीने त्याच सुमारास अंडी घातली होती. मी गोल्डियनची पुढची अंडी चमच्याने उचलून त्यांच्या मडक्यात ठेवली आणि त्यांची काढून घेतली. रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पिल्लं फुटली तेव्हा परत सांगितलं. "अरे वा," हे म्हणाले.

चार पिल्लं फुटली. गोल्डियनच्या पिल्लांच्या चोचीच्या कडेला निळसर मणी असतात, उजेड पडला की चमकतात. आंधळी, उघडी, कुरूप पिल्लं आणि तोंडाला दागिने. मावशीला भिंतीवरून बोलावून दाखवलं, मडकं जरासं कलतं करून. तिने छातीवर क्रूस केला. ती चौघंही मोठी झाली आणि बाहेर आली. अजून मळक्या हिरव्या-राखाडी रंगाची. खरा रंग यायला त्यांना काही महिने लागतात.

पाहुणे विचारायचे, "ही कसली मातकट?" आणि हे त्यांना बजरीगरकडे घेऊन जायचे.

त्याच सुमारास साहेब वसईला यायचे ठरले. रविवारी आमच्याकडे जेवण, मग राजोडीचा समुद्र. शनिवारी संध्याकाळी हे पक्कड घेऊन पिंजऱ्यात शिरले.

"काय करताय?"

"ही मधली जाळी काढतोय. साहेबांचा पिंजरा बघितलायस ना? एकदम ओपन."

"अहो, ती पिल्लं आत्ता कुठे उडायला लागलीत. बजरीगर पाय तोडतात त्यांचे."

"एका दिवसात काय होतंय?"

"एका दिवसातच होतं. तुम्ही बघितलं नाही, मी बघितलंय."

"अगं, दाणे खाणारे पक्षी ते. वाघ आहेत का?"

मी पक्कड धरली. ह्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं, जोरात नाही, पण केलं. मुलगी दारात उभी होती म्हणून मी आवाज चढवला नाही. तारा कटकट तुटल्या. जाळीची गुंडाळी करून ह्यांनी ती माळ्यावर टाकली.

रविवारी साहेब आले. त्यांच्या बाई पिंजऱ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "किती गोड! सगळे कसे मिळून-मिसळून राहतात!"

"माणसांनी शिकायला पाहिजे यांच्याकडून," साहेब म्हणाले. सगळे हसले. मी आत जाऊन पुऱ्या तळल्या.

ते राजोडीला निघाले, हेही मुलीला घेऊन त्यांच्याबरोबर गेले. मी भांड्यांत अडकले. संध्याकाळी आत गेले तर चारांतलं एक पिल्लू कोपऱ्यात फरशीवर बसलेलं, एका बाजूला कललेलं. त्याचा पाय गुडघ्यापासून नव्हता. मी हळद लावली, ओंजळीत धरून बसले. हे आल्यावर दाखवलं.

"अरेरे," हे म्हणाले. "पण एवढ्यांत एखाददुसरं जायचंच."

सकाळपर्यंत ते मेलं. ह्यांनी बूट घालताघालता सांगितलं, "जाळी राहू दे माळ्यावरच. मोकळं छान वाटतं. साहेबांनाही आवडलं."

हे गेल्यावर मी उरलेली तीन पिल्लं आणि त्यांना वाढवणारी बंगाली जोडी पकडली, फडक्याने झाकलेल्या टोपलीत ठेवली आणि रस्त्याने वळसा घालून मावशीच्या दारात गेले. मावशीने टोपली माझ्या हातातून घेतली. कोंबडीच्या पिल्लांचा एक जुना जाळीचा पिंजरा होता, तो धुऊन ओट्यावर सावलीत टांगला. रोज दुपारी मी आणि मुलगी तिकडे जायचो. मावशी मुलीला केळं द्यायची. पिल्लं खात होती, उडत होती. एकाच्या छातीवर जांभळ्या रंगाचं एक पीस आलं. मला आठवतं, ते दिवस चांगले गेले.

ह्यांना पत्ताच नव्हता. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच घरात राहून पाच पक्षी कमी झालेले ह्यांना दिसले नाहीत. पुढे एका रविवारी कुणीतरी पाहुणे आले आणि ह्यांना गोल्डियनची पिल्लं दाखवायची होती, तेव्हा लक्षात आलं.

"पिल्लं कुठायत?"

"मावशीकडे!" मुलगी आनंदाने म्हणाली. "आईने नेऊन ठेवलीत. चला, मी दाखवते बाबा."

तिला मी दोष देत नाही. नऊ-दहा वर्षांची पोर, तिला कुठे माहीत होतं की ते सांगायचं नसतं.

हे चप्पल घालून निघाले आणि मागोमाग मी. मावशी नुकतीच चर्चमधून, मिस्साहून आली होती. ओट्यावर तिचे दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं चहा पीत बसलेली. ह्यांनी अंगणातूनच विचारलं, "माझे पक्षी मला न विचारता तुमच्या घरी कसे आले?"

"तुमच्या मंडळींनी आणले," मावशी म्हणाली. "सांभाळायला."

"मंडळींनी आणले म्हणून तुम्ही ठेवून घेतले? चोरीचा माल असाच ठेवून घेता का तुम्ही?"

तिचा मोठा मुलगा कप खाली ठेवून उठला. मावशीने त्याला हातानेच बसवलं. मी पुढे होऊन म्हटलं, "चोरी कसली? ते माझे पक्षी आहेत."

हे वळले. खरोखर नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तुझे? आणले कोणी?"

मावशीने पिंजरा काढला आणि ह्यांच्या हातात दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुमचं तुम्ही बघा. आमच्या दारात आजपर्यंत असं कुणी बोललं नव्हतं."

त्यानंतर भिंतीवरून गवत आलं नाही. मी दोनदा माफी मागायला गेले. सुनेने सांगितलं, मावशी झोपलीय. रस्त्यात भेटली तर हसायची, पण थांबायची नाही.

पिल्लं परत मोठ्या पिंजऱ्यात गेली. पाऊस संपेपर्यंत तिघांतलं एकच उरलं. वाढवणारी बंगाली मादीही गेली. जे उरलं तो नर होता, आणि त्याला जो रंग आला तसा मी पुढे कधीच पाहिला नाही. लाल डोकं, मानेभोवती आकाशी रेघ, जांभळी छाती. हे त्याला मुंबईला पक्ष्यांच्या प्रदर्शनात घेऊन गेले. आम्हीही गेलो. मुलीला नवा फ्रॉक शिवला होता.

त्याला बक्षीस मिळालं. ह्यांना स्टेजवर बोलावून दोन शब्द बोलायला सांगितलं. हा पक्षी वसईत, माझ्या घरी जन्मला, असं हे म्हणाले. टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "दाई कोण ठेवली होतीत? बंगाली का?"

"दाई?" हे म्हणाले.

"म्हणजे अंडी कुणाखाली उबवलीत?"

"छे, छे! दाई कसली? आईबापांनीच वाढवलं त्याला. आपण फक्त वातावरण दिलं."

ते गृहस्थ हसले. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, माणूस फुशारकी मारतोय. पण मी ह्यांचा चेहरा ओळखते. हे खोटं बोलत नव्हते. ह्यांना खरोखरच माहीत नव्हतं. तीन वेळा जेवताना मी सांगितलं होतं आणि तीन वेळा ह्यांनी 'अरे वा' म्हटलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की हे माझं श्रेय घेतात. त्या दिवशी खुर्चीत बसल्याबसल्या मला कळलं की श्रेय घेण्यासाठी समोरच्याने काही केलंय हे आधी ठाऊक असावं लागतं. ह्यांना मी दारात बसलेली दिसतच नव्हते.

मुलगी जोरजोरात टाळ्या वाजवत होती. "आई, वाजव ना!" म्हणाली. मी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राळ्याचा डबा, अंड्याची वाटी आणि झाडू ह्यांच्या समोर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या पक्ष्यांचं. आजपासून तुम्ही करायचं."

"माझी गाडी चुकेल."

"चुकू दे."

ह्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. एकदोन आठवडे ह्यांनी धावतपळत केलं, ऑफिसला उशिरा गेले, कपड्यांना घाण लागली म्हणून चिडले. मी मागच्या दारात बसणं बंद केलं. भाजी पुढच्या खोलीत चिरायला लागले. कान मात्र तिकडेच असायचे. मग एके दिवशी विरारचा एक दुकानदार टेम्पो घेऊन आला आणि सगळे पक्षी खोक्यांत भरून घेऊन गेला, तो लाल डोक्याचा नरसुद्धा. मी आंघोळीला गेले होते, म्हणजे मुद्दाम गेले होते. बाहेर आले तर मडकी नुसती टांगलेली. पुढे तो पिंजरा कापून त्या जागी पत्र्याची शेड केली आणि स्कूटर ठेवली. लोकांना हे सांगायचे, "पोरीची दहावी आलीय." दहावीला अजून खूप वेळ होता.

मावशी वारली तेव्हा मी वाडीत गेले. शवपेटीजवळ मेणबत्त्या लावलेल्या होत्या. मोठ्या मुलाने मला ओळखलं आणि खुर्ची दिली. त्याच्या मनात काही नव्हतं, निदान दिसलं नाही. मला मात्र त्या ओट्याकडे बघवेना.

मुलगी लग्न होऊन विरारला गेली. जावई बँकेत आहे, चांगला आहे. त्यांच्या गॅलरीत तिने झेब्रा फिंचचा पिंजरा ठेवला. फोनवर म्हणाली, "बाबांमुळे मला पक्ष्यांचं वेड लागलं." मी "हो" म्हटलं.

एका रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. ह्यांनी घेतला. थोडा वेळ ऐकलं, "अच्छा, अच्छा" म्हटलं, मग रिसीव्हरवर हात ठेवून मला हाक मारली.

"अगं, हिची दोन पिल्लं मडक्यातून खाली पडलीत म्हणतेय. अंगावर पिसं आहेत, पण उडत नाहीत. काय करायचं?"

क्षणभर वाटलं, म्हणावं, तुम्हीच सांगा. पण तिकडे दोन जीव गार फरशीवर होते. मी रिसीव्हर घेतला.

"उचल त्यांना," मी म्हटलं. "तुझा वास लागला तरी काही होत नाही, ते खोटं आहे. हाताची ऊब दे थोडी. मग मडक्यात ठेव आणि तोंडावर तळहात धर, शांत होईपर्यंत. पुन्हा पडली तर खाली एका उथळ टोपलीत काथ्या घालून ठेव. आईबाप खाली येऊन भरवतील. अंडं देतेस का? कवचासकट दे. आणि मांजर आत येणार नाही एवढं बघ."

ती सगळं "हं, हं" करत ऐकत होती. मला वाटलं, लिहून घेतेय. माझा आवाज जरा वर गेला होता, कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला हे विचारत होतं. अजून बरंच सांगायचं होतं.

"बरं, आई," ती म्हणाली, "थँक्यू. आता बाबांना दे ना जरा. त्यांना एकदा विचारून घेते."

मी रिसीव्हर ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवून, शांतपणे, जबाबदारीने म्हणाले,

"हो, हो. आई म्हणते ते बरोबर आहे. कर तसंच."